बुधवारी दुपारचे चौदा रिपोर्ट

सोडाला, जयपूर
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

माझ्या फोनवरून तुझा नंबर लागत नाही, याला आता चार महिने होतील. आधी वाटलं, नंबर बदललास. मग बाबांच्या फोनवरून लागतो आणि माझ्यावरून लागत नाही हे लक्षात आलं, तेव्हा काय ते समजले. मेल लिहिली असती, पण मागची माझी मेल तू जशीच्या तशी आमच्या हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडंट साहेबांना पाठवून दिलीस. म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टाने पुण्याच्या घरी येईल. ऋचावहिनीच्या हातात पडलं आणि तिने आधी वाचलं, तरी माझी काही हरकत नाही.

बाबा बरे आहेत. डावा गुडघा दुखतो, तरी सकाळी सोसायटीच्या आवारात चार चकरा मारतात. दिवाळीला तू पाठवलेला शर्ट त्यांनी लगेच घातला आणि शेजारच्या माथुरांना दोनदा दाखवला, "निनाद ने भेजा है, पुणे से." मी चकल्या केल्या होत्या. आईच्या वहीतलं भाजणीचं प्रमाण घेऊनच केल्या. त्यांनी एक तुकडा मोडला, चघळला आणि बाकीची बशीत ठेवून दिली. ते मला काही बोलतच नाहीत रे. फक्त एक आहे. मी खोकले की पेपर खाली करून म्हणतात, "वेळेवर दाखव हो. नंतर धावपळ नको." फोडणीचा ठसका लागला तरी म्हणतात. गेली दीड-पावणेदोन वर्षं या घरात मी खोकला दाबून राहते, हे तुला माहीत असायचं कारण नाही.

हे वाक्य त्यांना कुठून मिळालं ते मात्र तुला माहीत आहे. आईच्या तेराव्याला, महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, मिरजेची मावशी म्हणाली होती, "डॉक्टरची आई ना ही, मग असं कसं झालं?" तू पाण्याचा ग्लास हातात धरून उभा होतास. म्हणालास, "आई अनूकडे होती. जूनपासून खोकत होती. मला डिसेंबरात कळलं." एवढंच. त्यात एक शब्द खोटा नव्हता. आई माझ्याकडे होती, कारण मी लग्न केलेलं नाही आणि तुझ्या फ्लॅटला तिसरी खोली नव्हती. जूनमध्ये ती खोकायला लागली, मी तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ॲलर्जी म्हणून औषध दिलं, मग आंधी आली, धूळ झाली, आम्ही धुळीवर ढकललं. गेल्याच वर्षी छातीचा स्कॅन स्वच्छ आलाय, तुझ्या सहीचा, म्हणून मला भीती वाटली नाही. स्कॅनचं हे मी त्या दिवशी मावशीला सांगू शकले असते. पण मला तेव्हा ते माझी चूक झाकल्यासारखं वाटलं. मी मान खाली घालून पंगत वाढत राहिले. त्या दिवसापासून मिरजेहून माझ्याकडे कुणाचा फोन येत नाही. सगळे बाबांशी बोलतात.

डिसेंबरात गाठ निघाली तेव्हा मी तुला एकदा विचारलं होतं, तुला आठवतं का? तुझ्या केबिनमध्ये. मागच्या वर्षीचा स्कॅन परत बघायचा का म्हणून. तू म्हणालास, "मी स्वतः पाहिलाय अनू. काही नव्हतं त्यात. हे सगळं या वर्षभरातलं आहे." मी मशीन सांभाळणारी बाई, मला फुप्फुसातलं काय कळतं? मार्चमध्ये आई गेली. ऑगस्टमध्ये तू पुण्याला विभागप्रमुख होऊन गेलास. स्टेशनवर बाबा रडले आणि मी तुझी बॅग धरून उभी होते.

आता यंदाच्या मे महिन्यातलं सांगते. तू बारा वर्षं त्या हॉस्पिटलात काढलीस आणि तूच शब्द टाकून मला तिथे चिकटवलंस, पण तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये तू कधी आला असशील असं वाटत नाही. तिथे जुन्या स्कॅनच्या साठ्याचा एक डबा होता, आठ डिस्कचा. एकेका स्कॅनचे तुकडे करून ते आठही डिस्कवर वाटलेले असतात. एखादी डिस्क गेली तर उरलेल्या सातांवरून तिच्यात काय होतं ते मशीन काढू शकतं. दोन गेल्या तर काही काढता येत नाही, सगळंच जातं. फेब्रुवारीत पहिली गेली. नवी मागवा म्हणून मी तीनदा लिहून दिलं, ती आली मे महिन्यात. ती बसवून मी भरायला लावली. ते काम दीड दिवस चालतं आणि तेवढा वेळ बाकीच्या सातांना दम लागेपर्यंत पळावं लागतं. नेमका तेव्हाच तळघराचा एसी बंद पडला. बाहेर सेहेचाळीस होतं. निम्म्याहून जास्त भरली असताना जुन्या सातांतली आणखी एक डिस्क जळाली. अकरा वर्षांचे स्कॅन एका दुपारी गेले.

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे डबा बंद केला, डिस्क काढल्या, प्रत्येकीवर स्केचपेनने नंबर घातला आणि कुणालाही हात लावू दिला नाही. लोक घाबरून परत परत चालू करून बघतात आणि उरलंसुरलंही घालवतात. मग आमच्या सोडाल्यातच, मिठाईच्या दुकानाच्या वर, महिपालजींची कार्यशाळा आहे, तिथे गेले. एअर फोर्समधून रिटायर झालेले आहेत, मेलेल्या डिस्कमधून माहिती काढायचं काम करतात. मेमध्ये जळालेली डिस्क त्यांनी काचेच्या बंद पेटीत उघडली. आतलं वाचणारं डोकं जळलं होतं. त्याच कंपनीची, त्याच महिन्यात बनलेली दुसरी डिस्क हवी, तिचं डोकं काढून हिला बसवायचं. ती शोधायला त्यांना नऊ दिवस लागले. मग वाचायला सुरुवात झाली. मी घाई करायचे तर म्हणायचे, "बेटी, मरी हुई डिस्क से ज़बरदस्ती नहीं करते. जितना दे, उतना ले लो, फिर ठंडी होने दो." फेब्रुवारीत गेलेली डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. तीही त्यांनी वाचली. फेब्रुवारीनंतरचं तिच्यात नव्हतं, पण जुन्या वर्षांचं जसंच्या तसं होतं.

सगळ्या डिस्कच्या नकला हातात आल्यावर खरं काम माझं होतं. कोणता तुकडा कुठे संपतो आणि पुढचा कोणत्या डिस्कवर सुरू होतो, हे सांगणारी नोंदच बिघडली होती. क्रम चुकला की चित्राच्या पट्ट्या होतात. कवटीखाली गुडघा येतो. मी तीन आठवडे पट्ट्या बघत बसले. आणि जूनच्या अखेरीस एका सकाळी, चहा हातात असताना, पडद्यावर एका अनोळखी माणसाची अख्खी छाती उमटली. बरगड्या बरगड्यांच्या जागी, मणके मणक्यांच्या जागी. मी खाली जाऊन महिपालजींसाठी प्याज कचोरी आणली. आम्ही दोघांनी उभ्या उभ्याच खाल्ली. खरं सांगू? त्या क्षणी मला तुला फोन करावासा वाटला. इंजिनीअरिंगला दोनदा नापास झालेल्या मुलीने काय केलंय ते तुला सांगावंसं वाटलं.

हॉस्पिटलने सांगितलं, परत आलेल्या माहितीची तपासणी करा. चित्र आणि रिपोर्ट एकाच माणसाचे आहेत ना, हे एका डॉक्टरने नमुन्यादाखल बघून सही करायची. त्या कामाला रत्नप्रभा मॅडम आल्या. रिटायर झाल्यात, तरी आठवड्यातून तीन दिवस येतात. तुला ज्यांनी स्कॅन वाचायला शिकवलं, त्याच. मी त्यांना नमुने काढून देत होते. कुठलेही वीस घ्यायचे होते. एकोणीस मी डोळे मिटून घेतले, विसावा आईचा घेतला. वाईट काही मनात नव्हतं, दादा. आईचं असं काहीतरी या सगळ्या मोडतोडीतून परत आलंय, ते मला बघायचं होतं. शिवाय तिच्या डाव्या खांद्यात धातूची पट्टी होती, म्हणजे चित्र तिचंच आहे की नाही ते मलाही ओळखता आलं असतं. बारावीच्या पेपरला तू हॉल तिकीट विसरलास, ते द्यायला येताना ती स्कूटरवरून पडली होती. त्याची ती पट्टी.

पट्टी दिसली. लख्ख पांढरी, सहा स्क्रूंसकट. मी म्हटलं, मॅडम, ही माझी आई. त्या हसल्या. मग पुढे सरकवत गेल्या आणि एका जागी थांबल्या. पुढे गेल्या, परत मागे आल्या. चष्मा काढून पुसला. मला म्हणाल्या, "अनुया, ही तारीख बरोबर आहे ना?" मी म्हटलं, हो, तेवीस नोव्हेंबर बावीस, बुधवार. त्यांनी रिपोर्ट मागितला. मी वाचून दाखवला. हाडं शाबूत, फुप्फुसं स्वच्छ, खाली तुझी सही. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. उजव्या बाजूला, वर, हरभऱ्याएवढी गाठ होती. मला फुप्फुसातलं काही कळत नाही, पण ती मलाही दिसली. मॅडम म्हणाल्या, "हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसलं असतं. निनादने हे पाहून असं लिहिणं शक्य नाही."

त्यांचं बरोबर होतं. कोणी कोणता स्कॅन कधी उघडला, किती वेळ बघितला, याची नोंद त्याच डब्यात असते. तीही परत आली होती. आईचा स्कॅन तंत्रज्ञाने पाठवला आणि त्यानंतर तो कुणीही उघडलेला नाही. तुझ्या नावावर फक्त रिपोर्टवरची सही आहे, तीन वाजून वीस मिनिटांची. मी त्या दिवसाची तुझी सगळी नोंद काढली. तीन बारा ते तीन एकतीस, एकोणीस मिनिटांत चौदा रिपोर्ट. चौदाही रिपोर्टांत तोच मजकूर, फक्त नावं वेगळी. एकही स्कॅन उघडलेला नाही.

तो दिवस मला आठवला नव्हता, फोनने आठवून दिला. आपल्या घरच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी सहाला तुझा फोटो आहे, किशनगढच्या पुढच्या ढाब्यावरचा. उदयपूरला मित्राच्या लग्नाला निघाला होतास. त्याच्या खाली आईचा मेसेज आहे. "रिपोर्ट मिळाला रे. तुझीच सही आहे. वाचून बरं वाटलं. जपून जा." तू अंगठा दाखवलायस. न्हाणीघरात पडून आईची बरगडी दुखावली होती, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी साधा एक्स-रे काढला असता. तूच म्हणालास, आणा इकडे, नीट स्कॅनच करून टाकू. आणि नंतर ती मंडळात सगळ्यांना सांगत फिरली की माझा रिपोर्ट माझ्या मुलाने केलाय.

मी तुला फोन केला, तो जुलैतला पहिला शुक्रवार होता. मी भांडायला फोन केला नव्हता. मला वाटलं, तू गप्प होशील. मग म्हणशील, अनू, घाई झाली. एवढं म्हणाला असतास तर मी तुझ्याबरोबर रडले असते. कसम से, पुढे काय करायचं ते आपण दोघांनी मिळून ठरवलं असतं. तू एक सेकंदही थांबला नाहीस. म्हणालास, "फुटलेल्या डिस्कमधून काढलेलं काय खरं मानायचं? दुसऱ्या कुणाची चित्रं आईच्या नावावर आली असतील." मी म्हटलं, खांद्यात पट्टी आहे. तू म्हणालास, "खांद्यात पट्टी जयपूरमध्ये हजार बायकांच्या असेल." आणि फोन ठेवलास. हॉल तिकीट तुझं होतं, दादा.

मग मी सगळं मेलने लिहिलं आणि तू ते साहेबांना धाडलंस, वर आपलं पत्र जोडून. त्यांनी मला बोलावून ते वाचायला दिलं. तुझं इंग्रजी छान आहे. बिघडलेल्या साठ्यातून जुळवलेली माहिती वैद्यकीय कामासाठी भरवशाची मानता येत नाही, चित्रं आणि नावं एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो, आणि काम करणारी व्यक्ती आईच्या मृत्यूनंतर मनाने सावरलेली नाही, हे मी भाऊ म्हणून जड अंतःकरणाने कळवतो. जड अंतःकरणाने. साहेब माझ्याशी फार गोड बोलले. म्हणाले, "अनुयाजी, आठ में से दो डिस्क तो जल ही गई थीं. एक-आध महीना वापस न आए, तो कौन पूछेगा?" म्हणजे नोव्हेंबर बावीस परत आलाच नाही, असं मी लिहून द्यायचं. मग सगळे सुखी.

मी बाबांना सांगितलं. वाटलं, चाळीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासलेला माणूस आहे, कागद बघेल. त्यांनी बघितले. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, अर्धा तास. वेळांची बेरीज मनाशी करून बघितली. मग कागद दुमडले आणि म्हणाले, "शकुंतला गेली ती गेली. त्याचं नाव आहे तिकडे. मी आहे तोवर हे बाहेर काढू नकोस." मी म्हटलं, बाबा, मला बोल लागला तेव्हा तुम्ही तोंड उघडलं नव्हतंत. ते म्हणाले, "तुझं काय जाणार होतं?" मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. माझं खरंच काही जाण्यासारखं नव्हतं. ना पाटी, ना विभाग, ना सासर.

आईपुरतंच असतं तर मी कदाचित ऐकलं असतं. पण चौदा होते. रत्नप्रभा मॅडमनी बाकीचे तेरा स्वतःहून बसून वाचले, दोन दिवस. त्यातले अकरा खरोखर स्वच्छ निघाले. तू नशीबवान आहेस. एक होती सोनल जैन, वय एकोणचाळीस, इथल्या मानसरोवर भागात शाळेत शिकवते. तिच्या डाव्या फुप्फुसात ज्वारीच्या दाण्याएवढा डाग होता. हॉस्पिटलने तिला कळवायला नकार दिला, कारण तुझ्या पत्राप्रमाणे माहिती भरवशाची नव्हती. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी तिच्या घरी गेले. मॅडम बरोबर यायला तयार होत्या, पण मीच एकटी गेले. जे होईल ते माझ्या एकटीवर होऊ दे म्हटलं. तिने पाणी दिलं, मला बसवलं. मी सांगायला लागले तर उठून आत गेली आणि तुझा रिपोर्ट घेऊन आली. म्हणाली, "देखिए, सब क्लियर है. मैंने तो लॅमिनेट करवा के रखा है." मी तिला सांगितलं, मी डॉक्टर नाही, माझ्यावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन नवा स्कॅन काढा. माझ्या आईचाही रिपोर्ट असाच होता, एवढं मात्र सांगितलं. तिचा नवरा मला दारापर्यंत सोडायलाही आला नाही. बरोबर आहे त्याचं.

गुरुवारी तिचाच फोन आला. डाग तिथेच होता, त्याच जागी, मिलिमीटरही इकडेतिकडे नाही. फक्त दाण्याचं बोर झालं होतं. तेव्हा ती चित्रं मिसळलेली नव्हती, दादा. सोनलची सोनलची होती आणि आईची आईची. सप्टेंबरात तिचं ऑपरेशन झालं, फुप्फुसाचा खालचा भाग काढला. आता ती जिना चढताना थांबते, पण चढते. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभराने आली असती तर हात टेकावे लागले असते. तिने हॉस्पिटलवर तक्रार केली आहे आणि तुझ्यावरही. नोटीस तुला मिळाली असेलच. रुग्णाची माहिती बाहेर दिली म्हणून मला हॉस्पिटलने घरी बसवलंय. त्या कागदावर मी सही केली, कारण माहिती मी खरंच बाहेर दिली होती. आता मी महिपालजींकडे जाते. वरच्या मजल्यावर खिडकीजवळ त्यांनी मला टेबल दिलंय.

आणि माझा जून माझ्याकडेच आहे. सहा महिने ती खोकत होती आणि मी धूळ म्हणत होते, हे कुणाच्या कुठल्या नोंदीने पुसलं जात नाही. मॅडम म्हणतात, बावीस सालीच कळलं असतं तर आई बहुतेक वाचली असती आणि तेवीसच्या जूनमध्ये कळून फारसा फरक पडला नसता. त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. तुला मात्र असं म्हणणारं कुणी नाही, एवढाच आपल्यातला फरक.

तू मनात म्हणत असशील, हिला आता काय हवंय? तू माफी मागावीस म्हणून मी लिहीत नाही. तेराव्याला जे बोललास ते मावशीसमोर परत घे, असंही म्हणत नाही. तक्रारीत काय सांगायचं ते तू आणि तुझा वकील बघून घ्या. बाबांना तुझ्या शर्टात राहू दे. खरं म्हणजे मी ठरवलं होतं की या जन्मात तुला एक ओळ लिहायची नाही, आणि लिहिली नसती. पण चौदामधला एक माणूस मला सापडत नाही. छीतरमल, वय चौपन्न. आडनाव नाही, पत्ता नाही. फॉर्मवर पत्त्याच्या जागी लिहिलंय, "डॉ. निनाद सरांच्या ओळखीचे, पैसे घेऊ नयेत," आणि फोन नंबराच्या जागी तुझाच नंबर आहे. कुणाचंतरी भलं करायला गेला असशील, ते मला दिसतं. मॅडमनी त्याचा स्कॅन तीनदा बघितला. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगून दीडपट झाली होती, तेव्हाच. जिवंत असेल तर आज ती आणखी फुगलेली असणार. ऑपरेशनने नीट होते म्हणतात, पण त्याआधी फुटली तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही. मी तुझ्या जुन्या ड्रायव्हरला विचारलं, पार्किंगवाल्यांना विचारलं, सी-स्कीममधल्या तुझ्या क्लिनिकच्या वॉचमनला विचारलं, तुझ्या फ्लॅटचं फर्निचर केलं त्या सुताराच्या घरी जाऊन आले. कुणाला माहीत नाही. या शहरात तो कोण आहे हे एकट्या तुला माहीत आहे. नंबर सुरू कर, नाहीतर बाबांच्या फोनवर सांग, नाहीतर कोऱ्या कार्डावर नाव न घालता लिहून टाक. तुझ्याकडून आलंय हे मी कुणाला सांगणार नाही. छीतरमल कुठे राहतो, दादा?

तुझीच बहीण, आता त्याला इलाज नाही,
अनुया